कैफियत

बाबांनी कैफियत लिहिली ती एकोणीस पानांची. फुलस्केप कागद, डावीकडे घडी घालून पाडलेला समास, निळी शाई आणि वर मधोमध 'श्री'. वकीलबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "कैफियत द्यायचीय आपल्याला, मंगळवारी या." बाबा तीन रात्री जागले. कैफियत म्हणजे गाऱ्हाणं आणि आपलं गाऱ्हाणं आपणच मांडायचं, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही.

वकीलबाईंनी ती सगळी पानं आमच्यासमोर बसून वाचली. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. मध्ये दोनदा फोन वाजला, तो घेतला नाही. मग कागद नीट एकावर एक लावून त्यांनी बाबांना परत दिले आणि टायपिस्टला मजकूर सांगायला लागल्या : "दाव्यातील कलम १ मधील मजकूर बरोबर आहे. कलम २ मधील मजकूर खोटा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम ३ मधील मजकूर..."

कोर्टातली कैफियत म्हणजे दाव्याच्या एकेका कलमाला प्रतिवादीनं द्यायचं लेखी उत्तर, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाबा एकदा टाइपरायटरकडे आणि एकदा हातातल्या कागदांकडे बघत होते. खाली उतरल्यावर म्हणाले, "ही कसली कैफियत? ही तर हजेरी घेतल्यासारखी झाली."

आमचं दुकान फोटोफ्रेमचं. पुण्यात, पेठेतल्या एका वाड्याच्या दर्शनी भागात, जिन्याला लागून. आठ फूट रुंद, अकरा फूट खोल. शटर नव्हतं, फळ्या होत्या. नऊ फळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर छिन्नीनं आकडा कोरलेला. रात्री एक ते नऊ लावायच्या, सकाळी नऊ ते एक काढायच्या. सात नंबरची फळी पाण्यानं फुगलेली होती. पावसाळ्यात ती खाचेत बसत नसे, तळहातानं दोनदा ठोकावी लागे, आणि तीही खालच्या अंगाला. वरून ठोकली तर आठवी हलायची. शाळेतून येता-जाता हे काम मी इतक्यांदा केलंय की आजही डोळे मिटून करीन. फ्रेमच्या मागे ठोकायच्या बारीक बिनडोक्याच्या खिळ्यांना चुका म्हणतात. त्या बाबा एका दुधाच्या पावडरीच्या डब्यात ठेवायचे, आणि नव्या गिऱ्हाइकाला न चुकता ऐकवायचे, "आमच्याकडे चुका किलोवर मिळतात." काच कापायच्या हिऱ्याला मात्र कोणी हात लावायचा नाही. हिऱ्याला एकाच हाताच्या कलाची सवय होते, दुसऱ्यानं वापरला की तो रेघ सोडतो, असं त्यांचं म्हणणं.

फ्रेमवाल्याच्या धंद्यातला मोठा हिस्सा गेलेल्या माणसांचा असतो, हे लोकांना ठाऊक नसतं. कोणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातला एखादा पुरुष पासपोर्ट साइजचा फोटो पाकिटातून काढून काउंटरवर ठेवतो. दहाव्याच्या आत हवा असतो. मोठा करून, मागचं टेबल-पंखा काढून, हाराला वर जागा ठेवून. अशा कामाला बाबा घासाघीस करू देत नसत आणि स्वतःही जास्त लावत नसत. आमचे जुने मालक गेले तेव्हा त्यांचा फोटो बाबांनी रात्रीतून करून दिला. बिल केलं नाही. त्या एकोणीस पानांतलं अकरावं पान सगळं या फोटोचं होतं. सागवानी पट्टी, सव्वा इंच, आतून सोनेरी कड. त्या फोटोतल्या माणसाच्या मुलानंच दावा लावला होता.

दुकान घेतलं १९७४ साली. तेव्हा नऊ हजार रुपये पागडी दिली होती, आईच्या पाटल्या मोडून. पावती नाही. ती असणंच शक्य नव्हतं, कारण १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याप्रमाणे पागडी घेणं हा गुन्हा होता. सगळ्या शहरातल्या दुकानदारीचा पाया कागदावर नसलेल्या पैशांवर उभा होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५६व्या कलमानं भाडेकरूनं जागा सोडताना किंवा दुसऱ्याला देताना पैसे घेणं आणि मालकानं त्याला संमती देताना पैसे घेणं कायदेशीर केलं. आमच्या नऊ हजारांना त्याचा काही उपयोग नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही दिलेत यावर माझा विश्वास आहे. पण कोर्टात विश्वासाला निशाणी क्रमांक पडत नाही." पुराव्यातल्या कागदावर कोर्ट टाकतं तो आकडा म्हणजे निशाणी क्रमांक.

भाडं महिना एकशे दहा रुपये. आकडा मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट सांगताना लोक भाडेकरूच्या बाजूचे असतील तर तो गाळतात आणि मालकाच्या बाजूचे असतील तर पहिल्या वाक्यात घेतात. २००८ साली एकशे दहा रुपयांत आमच्याच दुकानात बऱ्यापैकी फ्रेम मिळत नव्हती. पेठेत भर रस्त्यावरची जागा, आणि मालकाच्या हातात महिन्याला एका फ्रेमचे पैसेही नाहीत. जुन्या कायद्यानं कित्येक जागांची भाडी १९४० सालच्या सप्टेंबरातल्या आकड्याला खिळवून ठेवली होती. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की, हे असं गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतरच्या कायद्यानं मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. एकशे दहावर चार टक्के म्हणजे चार रुपये चाळीस पैसे. मालकांच्या मुलाचा राग मला समजत नाही असं मी म्हणू शकत नाही. तेव्हा मात्र मी म्हणत होते.

नोटीस आली २००८ च्या दिवाळीनंतर, रजिस्टर एडीनं. बावीस महिन्यांचं भाडं थकलंय आणि मुलीच्या दातांच्या दवाखान्यासाठी जागेची निकड आहे, अशी दोन कारणं. पहिलं वाचून बाबा उखडलेच. जुने मालक गेल्यापासून मुलगा भाडं घेतच नव्हता. "नंतर बघू, काका" असं म्हणायचा. ही युक्ती इतकी जुनी आहे की कोर्टाच्या आवारातला चहावालाही ती ओळखतो : आधी भाडं घेणं थांबवायचं, मग थकलं म्हणून दावा लावायचा. बाबा भाबडे असले तरी हिशेबाला पक्के. तिसऱ्या महिन्यापासून त्यांनी मनिऑर्डर करायला सुरुवात केली होती. ती दरवेळी 'घेण्यास नकार' असा शेरा लागून परत यायची आणि बाबा तो कागद चुकांच्या डब्याशेजारच्या दुसऱ्या डब्यात टाकायचे. अठरा कागद सापडले. दोनांना वाळवी लागली होती.

पण त्याआधी आमचं एक वर्ष वाया गेलं ते सांगायला हवं. पहिले वकील बाबांच्या ओळखीतले. त्यांनी नोटीस हातात घेतली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पागडीचा भाडेकरू आहेस. तीस वर्षं कोणी हलवू शकत नाही. घरी जाऊन झोप." बाबा घरी जाऊन खरोखर झोपले. दाव्याचं समन्स आलं, ते त्यांना नेऊन दिलं. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत कैफियत दाखल करायची असते. ती झाली नाही, आणि कोर्टानं 'विना कैफियत' पुढे जाण्याचा हुकूम केला. आम्हाला हे कळलं ते चार महिन्यांनी, तेही शेजारच्या घड्याळवाल्याच्या जावयाकडून. झोपेचा तो सल्ला आमच्या ओळखीत आणखी दोघांनी घेतलाय, म्हणून एवढं लांबण लावलं.

दुसऱ्या वकील म्हणजे या बाई. पन्नाशीच्या, बोलणं तुटक, टेबलावर फायलींपेक्षा सुपारीची डबी आधी दिसायची. पहिल्या भेटीत त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. "दुकान राहील असं मी सांगणार नाही. वेळ मिळेल असं सांगते. किती, ते तुमच्या कागदांवर." मग त्यांनी तो विना कैफियतीचा हुकूम रद्द करून घेतला, खर्चापोटी पाचशे रुपये भरून.

थकबाकीचं कारण त्यांनी एका दुपारी निकालात काढलं. बाबा मनिऑर्डरीचे अठरा कागद घेऊन लढायला तयार होते, आणि बाई म्हणत होत्या, "पैसे भरून टाका." या कायद्याच्या १५व्या कलमात सोय आहे. थकबाकीसाठी मालकानं आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, नव्वद दिवस थांबायचं, मगच दावा. आणि दावा लागल्यावरही समन्स हाती पडल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी, त्यावर पंधरा टक्के दरानं सरळव्याज आणि कोर्ट ठरवेल तो खर्च भरला आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर त्या कारणावर जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही.

"पण मी थकवलेलं नाही. मग व्याज का भरू?"

"तुमचं सगळं मिळून चार हजारांच्या आत आहे. तत्त्वाचे पैसे नंतर द्या. आधी हे द्या."

नशीब एवढंच की त्या पहिल्या वकिलांकडून बाबांनी एक गोष्ट हट्टानं करून घेतली होती : "कोर्टात पैसे तरी भरून ठेवा." ते मुदतीत भरलेले होते. राहिली व्याजाची बाकी, ती बाबांनी त्या दिवशी तोंड वाकडं करून भरली. चलन मी जपून ठेवलंय.

उरलं निकडीचं कारण. कलम १६, पोटकलम एक, खंड 'जी'. मालकाला जागा स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी खरोखर, वाजवी कारणानं हवी असेल तर तो मागू शकतो. आणि मालकाची गरज खोटी आहे हे दाखवणं फार अवघड, कारण आपली गरज आपल्या जागेत कशी भागवायची हे मालकाला भाडेकरूनं शिकवायचं नसतं, हे सर्वोच्च न्यायालय पुनःपुन्हा सांगत आलंय. मुलगी खरंच दाताची डॉक्टर झाली होती. आमच्याच दुकानातून तिच्या पदवीची फ्रेम गेली होती. कडेला मरून माउंट, बाबांनीच सुचवलेला.

मग भाडेकरूच्या हातात काय राहतं? त्याच कलमाचं दुसरं पोटकलम. हुकूम दिल्यानं जास्त हाल होणार की नाकारल्यानं, हे कोर्टानं तोलायचं. कोणाला दुसरी जागा मिळण्यासारखी आहे, तेही बघायचं. आणि अर्ध्या जागेनं भागणार असेल तर अर्ध्याचाच हुकूम करायचा. आठ बाय अकराचं अर्धं करून एका बाजूला दाताची खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला काच कापणारे बाबा, या कल्पनेवर आम्ही त्या दिवशी बरेच हसलो. बाईसुद्धा हसल्या. त्यानंतर म्हणाल्या, "आता उद्यापासून दुसरं दुकान शोधायला लागा."

बाबांना वाटलं, या हरल्या. तसं नव्हतं. भाडेकरू आपले हाल सांगतो तेव्हा कोर्ट पहिल्यांदा विचारतं, तुम्ही दुसरी जागा शोधली का? न शोधता 'मला कुठे जागा मिळणार' म्हणणाऱ्याचे हाल कागदावर हलके भरतात. तेव्हा शोधायचं, तारीखवार लिहून ठेवायचं, दलालाचं नाव, जागेचा पत्ता, मागितलेलं भाडं, अनामत.

बाबांनी त्यासाठी वेगळी वही घातली. दर सोमवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी, ते इस्त्रीचा शर्ट घालून जागा बघायला निघायचे. मी दोन-तीनदा गेले सोबत. एका तळमजल्याच्या गाळ्यात त्यांनी खिशातून टेप काढून खोली मोजली, उजेड कुठून येतो ते पाहिलं, मुलगी बघायला गेल्यासारखे चहा पिऊन आले, आणि रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "भिंतीला ओल आहे." ओल नव्हती. वहीत मात्र त्यांनी तेही लिहिलं नाही; लिहिलं, 'भाडे २२,०००, अनामत दोन लाख, परवडत नाही.' चौदा जागा झाल्या. न घ्यायच्या दुकानांची चौदा वर्णनं, बाबांच्या वळणदार अक्षरात.

मधल्या काळात एकदा दुकानाचा दिवा गेला. मीटर मालकांच्या नावावर. वाड्यात सगळीकडे उजेड आणि आमच्याकडे मेणबत्ती. बाबा म्हणाले, सहन करू. बाईंनी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. दावा चालू असला-नसला तरी वीज, पाणी, जिन्यातले दिवे अशा गरजेच्या सोयी मालकाला तोडता येत नाहीत, त्यासाठी या कायद्यात २९वं स्वतंत्र कलम आहे. पुढच्या तारखेच्या आत दिवा परत आला. कोणी काही बोललं नाही.

याच वाड्याच्या दुसऱ्या अंगाला एका बँकेची शाखा होती. ती आमच्या किती तरी आधी उठली. आम्हाला आश्चर्य वाटलं, एवढी मोठी बँक आणि आमच्याआधी? कायदा इथे उलटा आहे, किंवा सुलटा म्हणा. बँका, सरकारी उपक्रम, आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या यांना भाडे कायद्याचं छत्र नाही. त्यांचा भाडेपट्टा साध्या मुदतीच्या नोटिशीनं संपवून मालकाला ताब्याचा दावा लावता येतो, निकडबिकड सिद्ध करावी लागत नाही. छत्र आहे ते आमच्यासारख्या फळ्यावाल्यांना.

लघुवाद न्यायालय शिवाजीनगरला, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. आता तिथे मेट्रोचं स्थानक झालंय, तेव्हा आम्ही बसनं जायचो. 'लघुवाद' या शब्दावर बाबांनी पहिल्या दिवशी विनोद केला होता, तो मी इथे लिहीत नाही. बाकावर शेजारी नेहमी एक काकू असायच्या. पिको-फॉलचं दुकान, नवरा गेलेला, दावा दिराबरोबरचा की मालकाबरोबरचा हे शेवटपर्यंत मला नीट कळलं नाही. वकिलाला द्यायला त्यांनी सोनं गहाण टाकलं होतं. आमच्या बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या काकूंना हाताला धरून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत घेऊन गेल्या. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना, कोठडीतल्यांना तसंच. बाकीच्यांना उत्पन्नाची अट. काकू त्या आवारात तीन वर्षं येत होत्या, आणि ती पाटी बाकावरून दिसायची. पण वाचणार कोण? तिथे माणूस फक्त पुकाऱ्याकडे कान लावून बसलेला असतो.

बाबांची उलटतपासणी २०१४ च्या पावसाळ्यात झाली. बाईंनी आदल्या दिवशी तासभर तयारी करून घेतली. "विचारलं तेवढंच बोला. हो, नाही, आठवत नाही. गोष्ट सांगायची नाही." समोरचे वकील सभ्य होते. मुलगा बंगळूरला असतो का? हो. मुलगी नोकरी करते का? हो. स्वतःचा फ्लॅट आहे का? आहे, दोन खोल्यांचा. तुमच्यानंतर हे दुकान चालवायला घरातलं कोणी आहे का? इथे बाबा थांबले. दुकानाच्या जागेत भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या घरच्या माणसाकडे हक्क आधी जातो, एवढं मला तोवर कळलं होतं. दादा नाही, मी नाही. बाबा म्हणाले, "नाही." मी मागच्या बाकावर बसले होते आणि त्या एका शब्दाबद्दल मला जे वाटलं ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

मग त्यांनी ती वही दाखवली. चौदा जागा. समोरच्या वकिलांनी पानं उलटली, बाबांच्या अक्षराचं कौतुकही केलं, आणि विचारलं, "यातली एखादी जागा परवडणारी निघाली असती, तर तुम्ही घेतली असती का? खरं सांगा, शपथेवर आहात."

'हो' म्हणायचं होतं. इतकं सोपं होतं. बाबा म्हणाले, "नाही."

बाईंनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. हालांच्या तराजूत आमच्या पारड्यात घालायला होतं ते बाबांनी स्वतःच काढून घेतलं होतं. त्यांना ते पटलंच नाही. "मी खरं बोललो," एवढंच ते म्हणत राहिले. मी चिडले होते. वकीलबाई मात्र त्यांच्यावर कधी चिडल्या नाहीत. "साक्षीदार असा असला की अपिलात मला लाज वाटत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि सुपारी कातरायला लागल्या.

अपील तीस दिवसांत, जिल्हा न्यायालयात. त्याच्यावर उच्च न्यायालयात जाता येतं, पण दुसरं अपील म्हणून नाही, पुनरीक्षणासाठी. घरी दादाचं गणित सोपं होतं : अपील करा, स्थगिती घ्या, दहा वर्षं काढा. पूर्वी असं होतही असेल. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या डिसेंबरातल्या एका निकालापासून वारं फिरलंय. तो दिल्लीतल्या एका व्यापारी जागेचा होता. जागा खाली करण्याचा हुकूम झाल्यावर भाडेकरू जुन्या भाड्यावर बसून राहू शकत नाही. स्थगिती हवी असेल तर बाजारभावाच्या जवळपास जाणारी रक्कम महिन्याच्या महिन्याला भरण्याची अट कोर्ट घालू शकतं. आमच्या अपिलात आकडा ठरला बारा हजार. एकशे दहाचे थेट बारा हजार. त्या वर्षी दुकानातून महिन्याला जेमतेम वीस हजार सुटायचे, कारण लोक फोटो फोनमध्ये ठेवायला लागले होते. फ्रेमला गेलेलीच माणसं काय ती उरली होती.

आठ महिने भरले. मग एका शनिवारी बाबांनीच विषय काढला.

तडजोडीच्या बैठकीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मालकांच्या मुलाला उच्च न्यायालयापर्यंतची वर्षं नको होती, आम्हाला बारा हजार. सहा लाख रुपये मालकांकडून, दीड वर्षाची मुदत, भरलेल्या रकमेतले निम्मे आम्हाला परत. बाबांनी हमीपत्र लिहून द्यायचं की त्या दिवशी ताबा देऊ, पोटभाडेकरू घालणार नाही. तडजोड पुरसीस, म्हणजे ठरलेल्या अटींचा दोन्ही बाजूंनी सही केलेला कागद, दाखल झाली, त्याप्रमाणे हुकूमनामा झाला. हमीपत्र मोडलं तर न्यायालयाचा अवमान होतो, हे बाईंनी बाबांना तीनदा समजावलं. बाबांना त्याचा रागच आला. दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांना अवमानाची भीती कशाला हवी होती?

आमच्याकडच्या कारागिरानं मग सिंहगड रस्त्याला गाळा घेतला, छत्तीस महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. बाबांनी त्याला पट्टी कापायचं यंत्र दिलं. करार वाचायला त्यानं माझ्याकडे आणला. आमच्या घरात आता मी कायदेतज्ज्ञ. नोंदणी झाली आहे ना, हे मी पहिल्यांदा बघितलं. ५५व्या कलमानं करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक समज फिरत असतो की लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज टाकायचा आणि दोन-चार महिन्यांत जागा मोकळी. ते कलम राहत्या घरांसाठी आहे. दुकानाला कोर्टाचीच पायरी. कारागीर म्हणाला, "म्हणजे मला पण तुमच्यासारखी दहा वर्षं मिळणार?" त्याला सांगितलं, तू भाडेकरू नाहीस, लायसन्सी आहेस. तुझ्या मालकाला निकड सांगावी लागणार नाही. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "मग मी फळ्या कोणत्या रंगाच्या लावू?" गाळ्याला रोलिंग शटर आहे.

२०१८ च्या मार्चअखेरीला ताबा दिला. बेलीफ येण्याची वेळ आली नाही. सामान दोन टेम्पोत मावलं. काच मोडून दिली, पट्ट्या कारागिराकडे गेल्या, हिरा बाबांच्या खिशात. आत काही राहिलं नाही. इतकी वर्षं फोटोंनी झाकलेल्या भिंतीवर रंगाचे चौकोन तेवढे होते, लहानमोठे, प्रत्येकाच्या वरच्या बाजूला खिळ्याचं भोक.

ताबा पावती बाईंनी टाइप करून आणली होती. जागेचं वर्णन दाव्यातलंच, चतुःसीमेसह. पूर्वेस सार्वजनिक रस्ता. दक्षिणेस सदर मिळकतीतील जिना. पश्चिमेस सामाईक चौक. उत्तरेस घड्याळ दुरुस्तीचे दुकान. दहा वर्षं मी हे वर्णन वाचत आले होते. चारी बाजूंना काय आहे ते त्यात आहे, मधलं कोणी लिहिलेलं नाही. 'येणेप्रमाणे चतुःसीमांकित दावा मिळकतीचा खुला व शांततामय ताबा वादीस दिला.'

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग खिशातलं पेन काढून काउंटर होता त्या जागी भिंतीला कागद टेकवला आणि खाली लिहायला लागले. बाई पुढे झाल्या, "काका, काही चुकलंय का?"

"राहिलंय," बाबा म्हणाले.

त्यांनी लिहिलं होतं : 'सोबत सागवानी फळ्या नग नऊ. पैकी नंबर सात पावसाळ्यात दोनदा ठोकावी.'

बाईंनी वाचलं आणि काही न बोलता कागद मालकांच्या मुलाकडे दिला. हाताने वाढवलेल्या मजकुराशेजारी दोघांची सही लागते. त्यानं सही केली, टोपण लावलं, आणि बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्यांकडे बघत विचारलं, "वरच्या अंगाला की खालच्या?"